मर्व्हला हवी असलेली संध्याकाळ

मर्व्हच्या पत्राला उत्तर लिहायचं राहिलं होतं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. गाडी ‘ते रापा’ या उपनगराचा शेवटचा गोल चौक मागे टाकून मोठ्या रस्त्याला लागली, तरी पुरुषोत्तमांच्या डोक्यात तेच पत्र घोळत होतं. मांडीवर गळाच्या काठीची लांबट पिशवी, पायाशी छातीपर्यंत येणारी रबरी विजार, आणि शेजारी गाडी चालवणारी सून, स्नेहल.

"बाबा, अहो पट्टा लावा. आणि ती काठी जरा तिकडे करा, गिअर टाकताना माझ्या हाताला लागतेय."

"हो हो. सॉरी."

"सॉरी काय त्यात? तुम्ही आज सकाळपासून किती वेळा सॉरी म्हणालात माहितीये? फोनला पण म्हणाला असाल."

फोनला ते 'सॉरी' म्हणाले नव्हते. 'येस, येस, थँक यू' म्हणाले होते, आणि तेच जास्त लाजिरवाणं होतं. फोन लिनेटचा होता. मर्व्हची मुलगी, साउथ आयलंडवर ओमारूला राहणारी. त्यांच्या शेजारी राहणारा मर्व्ह दीड वर्षापूर्वी घर विकून तिच्याकडे गेला होता. ती म्हणाली, "डॅड आता बहुतेक वेळ झोपूनच असतात. जाग आली की विचारतात, पुरूचं पत्र आलं का? मी विचार केला, तुम्हाला कळवावं. लिहिणार असाल तर या आठवड्यात लिहा." यावर पुरुषोत्तम एवढंच म्हणाले, येस, येस, थँक यू. मग फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि स्नेहलने पोळी लाटता लाटता मान वर केली तेव्हा त्यांचा चेहराच सगळं सांगत होता.

"मग आजच जाऊ," ती म्हणाली होती.

"आज? मकरंदला विचारून..."

"मकरंद नाइट करून आलाय, झोपू दे त्याला. उठला की मैत्रेयीकडे बघेल. तुम्हाला रात्री गाडी चालवता येत नाही, मला येते. त्यात विचारायचं काय?"

निघताना आठ वर्षांची मैत्रेयी दारात आली होती. "आजोबा, आर यू गोइंग टु किल इट?"

"अगं, अजून मिळायचाय कुठे!"

"ओके. गुड लक. बट डोंट किल इट."

ते पत्र पुरुषोत्तमांना पाठ होतं. अक्षर लिनेटचं होतं, सही तेवढी मर्व्हची, ओळ सोडून खाली घसरलेली. 'पुरू, माझे डोळे गेले. लिनेट मला पेपर वाचून दाखवते, पण नदीतलं तिला काही कळत नाही. डिसेंबरात आपल्या वळणावर मेफ्लाय वर येतील, तेव्हा एक संध्याकाळ तिथे जा आणि मला सांग. काठावर नुसता उभा राहू नकोस, गळ टाक. काठावरच्या माणसाला काही दिसत नाही. आणि पुस्तकी लिहू नकोस, मेट.'

शेवटचं वाक्य त्यांना बरोबर लागलं होतं. कारण पत्र आल्यावर चार दिवसांतच त्यांनी उत्तर लिहून काढलं होतं. नदीवर न जाताच. तीन पानं, सुरेख इंग्रजी, संधिप्रकाश आणि विलोच्या फांद्या आणि चंदेरी पाणी. लिहून झाल्यावर चष्मा पुसून त्यांनी ते वाचलं आणि त्यांना कळलं की यातलं एकही वाक्य आपलं नाही. सगळं आयुष्य पुण्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेलं. दुसऱ्यांची वाक्यं डोक्यात अशी बसलेली की स्वतःचं म्हणून काही बाहेर यायचंच नाही. त्यांनी ती पानं फाडून टाकली. मग तो हंगाम गेला, हिवाळा आला. उशीर जितका वाढत गेला तितकं लिहिणं अवघड होत गेलं.

नदीवर एकट्याने जायची त्यांची छाती नव्हती, हे खरं कारण. मर्व्हबरोबर ते पाच हंगाम गेले होते, पण मर्व्हच्या मागे, काठीभर अंतर राखून. उजेडात चारदोन लहान ट्राउट मासे त्यांच्या गळाला लागले होते. पण मेफ्लायची, म्हणजे नदीच्या तळातून वर येणाऱ्या त्या बारीक माश्यांची, संध्याकाळ ही मर्व्हची. तेव्हा पुरुषोत्तमांनी फक्त जाळं धरायचं.

"बाबा, एक विचारू?" स्नेहलने रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं. "तुमची आणि त्या मर्व्हची ओळख कशी झाली? तुम्ही तर दुकानात दूध मागायलाही मैत्रेयीला पुढे करता."

पुरुषोत्तम हसले. "कुंपणावरून झाली. तो मागच्या हिरवळीवर काठी फिरवायचा. गळ नाही, मासा नाही, पाणी नाही. नुसती दोरी हवेत. मी रोज बघायचो."

"किती दिवस?"

"बरेच."

"म्हणजे महिने!"

"मी लायब्ररीतून त्याच्यावरची पुस्तकं आणली होती गं. मकरंदची आई गेल्यावर इथे तुमच्याकडे आलो, कोणाशी बोलणं होत नव्हतं म्हणून समोर दिसेल ते वाचत होतो. मग एक दिवस धीर करून विचारलं, हे जे तुम्ही करताय याला अमुक अमुक म्हणतात का? तो थक्कच झाला. म्हणाला, कुठे शिकलास? म्हटलं, लायब्ररीत. इतका हसला, इतका हसला, की त्याची दोरी लिंबाच्या झाडात अडकली."

स्नेहलही हसली. "आणि तुम्ही शाकाहारी आहात ते सांगितलंत?"

"ते दुसऱ्या वर्षी सांगितलं."

*

नदीकडे जाणारी वाट एका डेअरी फार्ममधून जात होती. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, हा मर्व्हचा पहिला नियम. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. पुरुषोत्तम उतरून साखळी काढत होते, तेवढ्यात चारचाकी बाइकवरून फार्मचा मालक आला. रुंद खांद्यांचा माओरी माणूस, डोक्याला लोकरीची टोपी.

"किया ओरा! तू मर्व्हचा माणूस ना? कसा आहे म्हातारा?"

साखळी पुरुषोत्तमांच्या हातातच राहिली. "वाट बघतोय," ते म्हणाले.

मालकाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "काल संध्याकाळी खूप माश्या होत्या. आज हवा अजून उबदार आहे. जा, जा, उशीर करू नका."

'काल होत्या' एवढंच पुरुषोत्तमांनी ऐकलं. म्हणजे आजही असतील की कालच संपल्या? पुस्तकात दोन्ही मतं होती.

गवतातून वळणापर्यंत चालत जायला थोडाच वेळ लागला. स्नेहलच्या पायांत रबरी सपाता होत्या, ज्यांना इथले सगळे आणि आता तीसुद्धा जँडल्स म्हणायची. नदीच्या दगडांवर जँडल्स घालून येऊ नये, हे त्यांना घरूनच सांगायचं होतं. पण आपली सून आपल्यासाठी रात्रीची गाडी घेऊन येतेय, त्यात तिच्या पायांना नावं कुठे ठेवायची, म्हणून ते गप्प बसले होते.

वळणावर नदी डावीकडून येऊन विलोच्या झाडांखाली खोल व्हायची आणि पुढे दगडांवर पसरायची. नऊ वाजून गेले होते, तरी इथल्या डिसेंबरातल्या उन्हाळ्याचा उजेड होता. पाणी स्वच्छ, संथ. वर काहीही नव्हतं. ना माशी, ना मासा. पुरुषोत्तमांनी रबरी विजार चढवली, काठीचे तुकडे जोडले, रीळ बसवलं आणि दगडावर बसून राहिले. स्नेहलने डबा उघडला.

"पोळी खाऊन घ्या. तूप वेगळं दिलंय."

"नको गं, आत्ता घशाखाली उतरायचं नाही."

"परीक्षेला बसल्यासारखे काय बसलात! आमचे वेंगुर्ल्याचे आजोबा गळ टाकायला जायचे ना, तर आधी दोन भाकऱ्या, मग एक झोप, आणि मग मासे. आणि मिळाले की घरी. सोडून बिडून द्यायची भानगड नाही. पकडलेला मासा परत सोडतात हे त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी मलाच डॉक्टरकडे नेलं असतं."

"मर्व्ह हंगामात एक घरी न्यायचा. बाकी सगळे सोडायचा. इथे ट्राउट विकत मिळत नाही, कायद्याने बंदी आहे. एक तर स्वतः पकडायचा, नाहीतर कोणीतरी द्यायचा."

"काय सांगता! म्हणून मला एवढ्या वर्षांत कधी दिसला नाही." स्नेहल पाण्याकडे जरा निराळ्या नजरेने बघायला लागली. मग तिने पोळीचा घास मोडला.

उजेड विझत चालला. पलीकडच्या कुरणातल्या गाई ओळीने लांब गेल्या. पुरुषोत्तमांना वाटायला लागलं, संपलं. काल झालं सगळं. आपण नेहमीसारखे एक दिवस उशिरा. आता मर्व्हला काय लिहिणार? गेलो होतो, काही नव्हतं?

आणि तेव्हा त्यांच्या मनगटावर काहीतरी येऊन बसलं.

अगदी हलकं. डासासारखं, पण डास नव्हे. उभे पारदर्शक पंख, आणि शेपटीला केसांसारखे तीन बारीक तंतू. पुरुषोत्तमांनी श्वास रोखला. दुसरी माशी चष्म्यावर. तिसरी स्नेहलच्या केसांत. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि त्यांना दिसलं की पाण्याची सगळी पाठ हलतेय. तळातून वर येणारे किडे, पृष्ठभागावर कात टाकणारे, पंख फुटून क्षणभर होडीसारखे वाहणारे आणि मग धुरासारखे वर उठणारे. शेकडो नव्हे, हजारो.

"स्नेहल!" ते ओरडलेच. "आल्या! अगं, आल्या!"

"अगंबाई! बाबा, माझ्या तोंडात गेली एक!"

टप्. विलोखाली पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. टप्. दुसरं. मग सगळ्या वळणावर वर्तुळंच वर्तुळं, पाऊस पडतोय जणू, फक्त खालून वर. ट्राउट जेवायला बसले होते.

पुरुषोत्तमांची धांदल उडाली. डबीतून माशी काढली. खोटी माशी, त्यांनीच हिवाळ्यात रेशमाच्या धाग्याने आणि कोंबड्याच्या पिसाने बांधलेली, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. आता ती दोरीच्या टोकाला बांधायची. पण बारीक नायलॉनचा तंतू गळाच्या नेढ्यात जाईना. उजेड तर संपलाच होता.

"द्या इकडे," स्नेहल म्हणाली. "टॉर्च धरा तुम्ही. हे सुईत दोरा ओवण्यासारखंच आहे ना?" तिने तोंडात घालून तंतूचं टोक ओलं केलं, एका झटक्यात ओवलं आणि गाठ मारली. एकावर एक, दोन गाठी, ब्लाउजला हूक लावताना मारतात तशा. वरून दाताने शेपूट तोडली. "घ्या. पक्की."

पुरुषोत्तमांनी गाठ पाहिली. ती पक्की नव्हती. नायलॉनला ती गाठ चालत नाही. ओढ बसली की निसटते. मर्व्हने त्यांना निराळी शिकवली होती: तंतूला तंतूचे पाच वेढे, टोक पहिल्या फासातून, थुंकीने ओलं करून हळूच ओढायचं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण स्नेहलचा चेहरा टॉर्चच्या उजेडात असा उजळला होता, आणि तिने इतक्या आपलेपणाने केलं होतं, की 'हे सोडून परत बांधतो' हे शब्द त्यांच्या जिभेवर येऊन परत गेले.

"छान," ते म्हणाले.

"थांबा, ती बुडणार नाही ना? खरी तर तरंगतेय."

माशी तरंगावी म्हणून तिला एक मलम लावायचं असतं. त्याची बाटली घरी टेबलावर राहिली होती. तरी पुरुषोत्तमांनी पिशवी चाचपून पाहिली. स्नेहलने डब्यातलं तुपाचं भांडं उघडून पुढे धरलं.

"साजूक आहे. बोटभर लावा."

"तूप? ट्राउटला?"

"देवाला चालतं, ट्राउटला नाही चालणार?"

त्यांनी चिमटीत तूप घेतलं, माशीच्या पिसांना लावलं आणि पाण्यात उतरले. विजारीतूनही गारवा मांड्यांना भिडला. पाय चाचपत, दगड ओळखत, कमरेएवढ्या पाण्यात ते मर्व्ह उभा राहायचा तिथे जाऊन उभे राहिले. जागा रिकामी होती, हे त्यांना पाय टेकवल्यावर कळलं. इतकी वर्षं त्यांनी ती मागून पाहिली होती.

पहिली फेक विलोत गेली. झटका देऊन सोडवली. दुसरी स्वतःच्या टोपीत. काठावरून आवाज आला, "बाबा, तुम्ही टोपी पकडलीत, मस्त मोठी आहे!" तिसरी सरळ गेली, दोरी हवेत उलगडली आणि अंधारात माशी कुठे पडली ते त्यांना दिसलंच नाही. तूप होतं म्हणून तरंगत असावी. सगळीकडे टप् टप् चालू होतं. कोणता आवाज आपल्या माशीचा?

नेमकी तेव्हाच काठी जड झाली.

आधी वाटलं, दगड. मग दगड चालायला लागला. काठी वाकली, रीळ किंचाळलं आणि मासा खाली दगडांकडे असा सुटला की पुरुषोत्तमांच्या हाताला दोरीचा चटका बसला.

"लागला! स्नेहल, लागला!"

"ओढा ना मग! नको, ओढू नका, सैल सोडा! सैल सोडा, बाबा! दमू द्या त्याला!" स्नेहल जाळं घेऊन काठाने धावत होती. "आजोबा म्हणायचे, त्याला खेळू द्या! अगंबाई, केवढा उडाला!"

अंधारातही त्याची उडी दिसली; पाण्याबाहेर आलेलं जाड पिवळसर अंग, आणि मग पाण्यावर थाप मारल्यासारखा आवाज. तो विलोखाली शिरायला बघत होता, पुरुषोत्तम त्याला वळवत होते. काठी बाजूला, मग वर, मग पुन्हा बाजूला. आपण हे करतोय यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि विश्वास बसवायला सवडही नव्हती. तो दमत चालला होता. एकदा कुशीवर झाला, पुन्हा सावरला. स्नेहल गुडघाभर पाण्यात उतरली होती, जाळं पुढे करून.

"या, या, आणा इकडे. आलाच. आलाच, बाबा!"

तो जाळ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याने शेवटची एकदा मान झटकली. आणि काठी सरळ झाली.

पुरुषोत्तमांनी दोरी गोळा केली, टोक बोटांत धरलं. टोकाला पीळ पडला होता, डुकराच्या शेपटीसारखा. तंतू तुटला असता तर टोक सरळ असतं; गाठ निसटली की असा पीळ पडतो. हेही मर्व्हनेच शिकवलेलं.

"तुटलं?" स्नेहलने विचारलं.

"हो," ते म्हणाले. मग थांबले. पाण्यात उभ्या उभ्या त्यांना मर्व्हचं पत्र आठवलं, आणि हेही की हा प्रसंग लिहिताना ते 'तुटलं' असंच लिहितील. "नाही. तुटलं नाही. गाठ निसटली. ती गाठ नायलॉनला चालत नाही."

"कोणती, मी मारलेली? मग तुम्ही छान काय म्हणालात?"

"तू इतक्या प्रेमाने बांधलीस..."

"बाबा!" स्नेहल पाण्यात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, मी काय रागावले असते? तुमच्या या भिडेला काय म्हणावं! एवढा मोठा मासा गेला, का, तर सुनेला वाईट वाटेल! आणि ते वर्षभराचं पत्र, तेही भिडेनंच राहिलं ना?"

"हो," पुरुषोत्तम म्हणाले. "जँडल्सचंही सांगायचं होतं."

"जँडल्सचं काय?"

"घालून येऊ नकोस म्हणून."

स्नेहलने खाली पाहिलं. "एक गेलंच आहे," ती म्हणाली. "मघाशीच वाहून गेलं. मीही सांगितलं नाही."

दोघंही हसायला लागली. पुरुषोत्तम इतके हसले की काठी हातातून सुटायची वेळ आली. हसता हसता स्नेहल एकदम म्हणाली, "आणि मलाही एक सांगायचंय. मला घरात मासे करायचे असतात, बाबा. तुम्ही आल्यापासून केलेले नाहीत. तुम्ही कधी नको म्हणाला नाहीत, मीच आपलं... मकरंदला घेऊन बाहेर जाऊन खाते, चोरासारखी."

"इतकी वर्षं?"

"मग! तुम्हाला एकट्यालाच भीड असते का?"

टप्. विलोखाली पुन्हा एक वर्तुळ. अजून चालू होतं.

पुरुषोत्तमांनी दुसरी माशी काढली. स्नेहलने टॉर्च पेटवायला हात घातला, तर ते म्हणाले, "राहू दे. दिवा नको." डोळे मिटले. बोटांनी गळाचं नेढं शोधलं, तंतू आत गेला. पाच वेढे. टोक फासातून. ओलं करून, हळूच. गाठ बसली, तेव्हा नखाखाली बारीक टक् झाल्याचं त्यांना कळलं. मग त्यांच्या लक्षात आलं की रात्री मर्व्हही असाच डोळे मिटून उभा राहायचा. त्यांनी एकदा विचारलं होतं, झोप येतेय का? मर्व्ह म्हणाला होता, नाही रे, ऐकतोय.

त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. लहान मासे टप् करत होते, ओठ वाजवल्यासारखे. मोठे सळक करून पाणी ओढायचे. झाडाच्या मुळाशी पाणी गुडगुडत होतं. त्याच्या अलीकडे, डावीकडे, एक मासा ठरावीक जागी, ठरावीक वेळाने जेवत होता. टप्. थांबला. टप्. त्यांनी आवाजाच्या वरच्या बाजूला दोरी टाकली आणि मनात मोजलं. टप् झालं आणि त्यांनी काठी उचलली.

हा लहान होता. किलोभराचा असेल. स्नेहलने या वेळी एका पायात जँडल आणि दुसरा पाय उघडा अशी पाण्यात उतरून तो जाळ्यात घेतला आणि काठावर आणला. टॉर्चच्या उजेडात त्याच्या अंगावर लाल ठिपके चमकले.

"सोडायचा ना?" ती म्हणाली. आवाज अगदी सरळ ठेवला होता तिने.

"हंगामातला एक," पुरुषोत्तम म्हणाले. "घे तू."

"नक्की? मैत्रेयी काय म्हणेल?"

"तिला मी सांगेन. तूच म्हणालीस ना, सांगावं."

स्नेहलने दगड शोधला. एका फटक्यात काम केलं, आजोळी शिकल्यासारखं. पुरुषोत्तम टॉर्च धरून उभे होते. त्यांनी तोंड फिरवलं नाही. मर्व्हला हेही लिहायचं होतं.

आणि मग, जशा आल्या होत्या तशाच, माश्या थांबल्या. टप् टप् विरत गेलं. पाण्यावर मेलेल्या माश्यांचे पंख पसरले होते आणि नदीचा आवाज तेवढा राहिला.

*

घरी पोचले तेव्हा मकरंद जागा होता. स्नेहलने एका पायात जँडल आणि हातात मासा घेऊन दार ढकललं.

"आईशप्पथ! हे काय? घरात? बाबा कुठेयत?"

"बाबांनीच पकडलाय. तू चूप बस आणि तिखट काढ."

मैत्रेयीही झोपली नव्हती. जिन्यावर बसून तिने ताटलीतल्या माशाकडे बघितलं आणि मग आजोबांकडे. "यू सेड यू वुडंट."

"मी तसं म्हणालो नव्हतो," पुरुषोत्तम म्हणाले. "तू म्हणाली होतीस. मी गप्प राहिलो, ते चुकलं. सांगायला हवं होतं, की बहुधा एक घरी येईल."

मैत्रेयीने विचार केला. "वॉज इट हार्ड?"

"हो. हार्ड होतं."

"ओके," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी सरकून बसली.

खिडक्या उघडून स्वयंपाकघरात तवा तापला. मकरंद टेबलावर कांदा चिरत होता आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून वडिलांकडे बघत होता, खात्री करून घ्यायला. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुरुषोत्तम कागद घेऊन बसले. वास उग्र होता, डोळ्यांत पाणी आणणारा. त्यांनी खुर्ची खिडकीकडे सरकवली, पण उठले नाहीत.

पहिलं वाक्य लिहिलं, आणि शब्दकोशाकडे हात गेला. तो हात त्यांनी मागे घेतला. 'प्रिय मर्व्ह, आज रात्री मी तुझ्या जागेवर उभा राहिलो. सांगायला उशीर झाला, कारण मी घाबरत होतो.' मग थांबायलाच नको. माशी मनगटावर कशी बसली. तिला तूप लावलं, हसू नकोस, ती तरंगली. लहान मासे कसे वाजतात आणि मोठे कसे. मोठा कसा गेला, आणि त्यात चूक माशाची नाही, सुनेचीही नाही, माझी. दोरीच्या टोकाला पडलेला पीळ. मिटलेल्या डोळ्यांनी बांधलेली गाठ, आणि दुसरा मासा कुठून वाजत होता: विलोच्या मुळापासून अलीकडे, डावीकडे, तुला माहीत आहे ती जागा. मग लिहिलं, 'आता तो तव्यावर आहे. मी खाणार नाही. पण घरात सगळे मोठ्याने बोलतायत.'

"बाबा, एवढं काय लिहिताय?" मकरंदने विचारलं.

"जे झालं ते."

"वाचू?"

"नाही," पुरुषोत्तम म्हणाले. उत्तर इतकं सरळ आलं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

सकाळी त्यांनी मैत्रेयीला पुढे केलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात एकटेच गेले, फास्टपोस्टचं तिकीट मागितलं, पाकिटावर नीट चिकटवलं. बाहेर टपालाची लाल पेटी होती. पेटीच्या फटीशी त्यांचा हात थांबला. दुसऱ्या पानावर एक वाक्य जरा ओबडधोबड झालं होतं. उघडून नीट करता आलं असतं. आणि लिनेट ते कोणाला वाचून दाखवेल, तो जागा असेल का, त्याला ऐकू जाईल का, यातलं काहीही त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी पाकीट सोडलं. मग पेटीवर लिहिलेली टपाल उचलण्याची वेळ वाचली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. गाडी येईपर्यंत बसून राहायचं त्यांनी ठरवलं होतं.

गाडी आली. अर्धी चड्डी घातलेला एक तरुण उतरला, किल्ली लावून पेटी उघडली आणि पत्रांची पिशवी खांद्यावर टाकली. बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिलेला पाहून तो म्हणाला, "काही राहिलंय का, मेट?"

"नाही," पुरुषोत्तम म्हणाले. "दिलं."